दोन चौकटींमधला माणूस

स्थलांतरितांविषयी मराठीत लिहिताना एक शब्द हमखास वापरला जातो : 'लोंढा'. वर्तमानपत्राचा अग्रलेख असो की निवडणुकीतले भाषण असो, माणसे येत नाहीत, त्यांचे लोंढे येतात. शब्द मुळात पाण्याचा आहे, आणि पाण्याला चेहरा नसतो. इतर भाषांची तऱ्हा फारशी वेगळी नाही. तेथेही स्थलांतरितांच्या लाटा येतात आणि सरकारे त्यांना बांध घालण्याच्या गोष्टी करतात. हा शब्द वापरणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला येथे वाद घालायचा नाही. आम्हांला बोलायचे आहे ते अशा एका कलाप्रकाराविषयी, ज्याला लोंढा दाखवणे फार जड जाते. स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशन हा तो प्रकार. त्यात दहा माणसांचा घोळका चालवायचा झाला तरी दहाही बाहुल्यांना, प्रत्येक चौकटीसाठी, कुणीतरी हाताने स्पर्श करावा लागतो.

तंत्र थोडक्यात सांगतो. पुढचा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. माती, कापड, लाकूड, रबर अशा कशाची तरी एक बाहुली असते. तिच्या पोटात बहुधा तारेचा किंवा सांध्यांचा सांगाडा असतो. तिला एका स्थितीत ठेवून छायाचित्र घ्यायचे, मग केसभर हलवायचे, पुन्हा छायाचित्र घ्यायचे. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. एक स्थिती दोन चौकटींपुरती टिकवली तरी सेकंदाला बारा वेळा हा खटाटोप करावा लागतो. दिवसभर राबून हाती लागतात ते काही सेकंद. पडद्यावर बाहुली चालताना दिसते; परंतु तिला चालवणारा हात मात्र कधीच दिसत नाही, कारण तो नेमका दोन चौकटींच्या मधल्या काळात येऊन गेलेला असतो.

आणखी एक तपशील आहे आणि तो आम्हांला विशेष बोलका वाटतो. बाहुली एक पाय उचलते तेव्हा तिचा तोल जातो. म्हणून टेबलाला खालून भोक पाडून तिचा टेकलेला पाय स्क्रूने आवळून ठेवतात. पुढचे पाऊल टाकायचे तर ते नव्या जागी आवळायचे आणि मगच मागचे सोडवायचे. मराठीत परमुलखात जम बसवण्याला आपण 'पाय रोवणे' म्हणतो. ते वर्षानुवर्षांचे, जमिनीखालून चालणारे, बघणाऱ्याला न दिसणारे काम आहे, हे या टेबलाकडे पाहिल्यावर जसे कळते तसे इतरत्र क्वचितच कळते.

स्थलांतरिताच्या आयुष्याची सरकारदरबारी जी नोंद होते तीही अशीच सुट्या चौकटींची असते. बंदरावर उतरल्याची तारीख, कामाचा परवाना, नागरिकत्वाचा दाखला, मृत्यूची नोंद. पण या दोन कागदांच्या मध्ये जे घडते त्याला कुठलाच दप्तरी पुरावा नसतो. आमचे म्हणणे असे की, स्टॉप-मोशन हे स्थलांतराच्या अनुभवाचे गोंडस रूपांतर नव्हे. या तंत्राचा स्वभाव आणि त्या अनुभवाचा स्वभाव यांत खरे साम्य आहे. मात्र हे साम्य उपयोगी पडते ते हा हात लपवून न ठेवणाऱ्या दिग्दर्शकालाच.

या कलेच्या आरंभीच्या काळातले दोन मोठे कलावंत स्वतःच देशोधडीला लागलेले होते, हीही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. लादिस्लास स्तारेविच यांचा जन्म १८८२ साली मॉस्कोत, पोलिश कुटुंबात झाला. त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या कौनस शहरी त्यांना भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती. दिव्यांच्या प्रखर प्रकाशात जिवंत कीटक निपचित पडत. म्हणून त्यांनी मेलेल्या कीटकांच्या अंगाला तारा जोडल्या आणि त्यांना चौकटीचौकटीने लढवले. रशियन राज्यक्रांतीनंतर ते फ्रान्सला गेले, तिथल्या लोकांना उच्चारता येईल असे नाव त्यांनी घेतले आणि पॅरिसजवळच्या एका गावी १९६५ साली मरेपर्यंत बाहुल्यांचे चित्रपट काढत राहिले. जॉर्ज पाल हे मूळचे हंगेरीचे पाल ग्यॉर्गी. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली, काही वर्षे नेदरलंड्समध्ये काढली आणि महायुद्धाच्या तोंडावर अमेरिका गाठली. १९४२ साली त्यांनी 'ट्युलिप्स शॅल ग्रो' हा लघुपट केला. त्यात एका डच जोडप्याच्या पवनचक्कीवर आणि फुलांवर नटबोल्टांचे सैन्य चालून येते आणि शेवटी पावसात गंजून पडते. ज्या देशाने आपल्याला काही वर्षे थारा दिला त्या देशाचे ऋण फेडण्याचा हा प्रकार होता, असे आम्ही समजतो. नट किंवा लेखक देश सोडतो तेव्हा त्याची भाषा निम्मी निकामी होते. बाहुलीवाल्याचे हात मात्र सीमेपलीकडेही चालतात.

आता काही कलाकृतींकडे वळू. पहिले उदाहरण लहान मुलांच्या मालिकेचे आहे आणि ते वाचकांना क्षुल्लक वाटू नये अशी विनंती आहे. मायकेल बॉन्ड यांचे पॅडिंग्टन अस्वल १९५८ साली पुस्तकात अवतरले. पेरूहून लपूनछपून जहाजाने आलेले, लंडनच्या स्टेशनवर पेटीवर बसलेले, आणि गळ्यात 'सांभाळा' अशा अर्थाची चिठ्ठी अडकवलेले. युद्धकाळात गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या बांधून गावोगाव पाठवलेल्या मुलांची आठवण त्यामागे होती, असे बॉन्ड यांनी सांगितले आहे. अस्वलाचे मूळ पेरूतले नाव कोणालाच समजत नाही. म्हणून सापडले त्या स्टेशनचे नाव त्याला मिळते. या पुस्तकांवर आयव्हर वुड यांनी बी.बी.सी.साठी स्टॉप-मोशन मालिका केली. ती १९७६ साली दाखवली गेली. तिच्यात अस्वल तेवढे खरेखुरे, जाडीचे, सावली पडणारे बाहुले आहे. ब्राऊन कुटुंब, शेजारी, दुकानदार, घरे, रस्ते हे सारे कागदावर रेखाटून कापलेले, सपाट.

वुड यांनी हे खर्च वाचवण्यासाठी केले की सौंदर्यदृष्टीने, हा प्रश्न येथे गौण आहे. पडद्यावर जे दिसते त्याचा अर्थ स्पष्ट आहे. नव्या शहरात पाऊल टाकणाऱ्या माणसाला भोवतालचे जग असेच दिसते : व्यवस्थित, सुबक, रेघांनी आखलेले, आणि त्यात आपण तेवढे अवजड, जागा अडवणारे, धक्का लागला की काहीतरी पाडणारे. यजमान समाज स्थलांतरिताला सपाट करून पाहतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. या मालिकेने ती उलटी केली. तिच्यात सपाट आहेत ते यजमान, आणि वजन आहे ते पाहुण्याला. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. ती थेट वजनदार प्राण्याची बाजू घेतात.

दुसरे उदाहरण 'हार्वी क्रम्पेट' या लघुपटाचे. अ‍ॅडम इलियट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने २००३ साली मातीच्या बाहुल्यांतून तो केला आणि सर्वोत्तम अ‍ॅनिमेटेड लघुपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. १९२२ साली पोलंडमध्ये जन्मलेला हार्वेक क्रम्पेट्स्की महायुद्धात ऑस्ट्रेलियाला येतो, नाव छाटून हार्वी क्रम्पेट होतो, कचऱ्याच्या डेपोवर नोकरी करतो. त्याच्यावर एकामागून एक आपत्ती कोसळतात आणि त्या सगळ्यांतून तो कसाबसा, थोडा हसत, म्हातारा होतो. आईने लावलेल्या सवयीने तो जगाविषयीची सत्ये एका वहीत टिपून ठेवतो. ती वही त्याच्या गळ्यात लटकलेली असते आणि तिच्यावरच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगही चुकलेले असते. पॅडिंग्टनच्या गळ्यातल्या चिठ्ठीत जगाला विनंती आहे. हार्वीच्या गळ्यातल्या वहीत जगाची नोंद आहे. परक्या देशात नियम पाठ करूनच जगावे लागते हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही वही ओळखीची वाटेल.

हा लघुपट आम्हांला प्रिय आहे. तरीही एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. जवळजवळ सारी कथा निवेदकाच्या, म्हणजे जेफ्री रश या नामांकित ऑस्ट्रेलियन नटाच्या, आवाजातून येते. हार्वीविषयी बोलले जाते. हार्वी स्वतः फार थोडे बोलतो. त्याचे पोलिशपण सुरुवातीच्या काही मिनिटांनंतर विरघळते आणि उरतो तो एक लोभस विक्षिप्त म्हातारा. महायुद्धानंतरच्या काही वर्षांत युरोपातले सुमारे १,७०,००० विस्थापित ऑस्ट्रेलियाने घेतले. त्यांनी लवकरात लवकर 'आपल्यासारखे' व्हावे, अशीच तेव्हाची अपेक्षा होती. इलियट यांनी त्या अपेक्षेवर टीका केली आहे की नकळत तिचाच स्वीकार केला आहे, हे चित्रपट पाहून निश्चित सांगता येत नाही. बाहुलीला हलवणारा हात येथे पूर्णपणे अदृश्य आहे. त्यामुळे हार्वीचे भोग हे कुणाच्या धोरणाचे फळ न वाटता नियतीचे विनोद वाटतात. प्रेक्षकाला रडू येते, परंतु कोणालाही काही विचारावेसे वाटत नाही.

हे न्यून अलॅं उगेत्तो यांच्या चित्रपटात नाही, आणि म्हणून त्याला आम्ही या सर्वांत वरचे स्थान देतो. २०२२ सालच्या या सत्तर मिनिटांच्या फ्रेंच चित्रपटाचे नावच 'कुत्र्यांना आणि इटालियनांना प्रवेश नाही' असे आहे. फ्रान्सच्या आन्सी महोत्सवात त्याला परीक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम अ‍ॅनिमेटेड चित्रपटाचा युरोपियन पुरस्कारही. उगेत्तो यांचे आजोबा लुइजी आणि आजी चेझिरा हे उत्तर इटलीतल्या पिएमॉन्त प्रांतातले, मोन्ते व्हिसो पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या उगेत्तेरा नावाच्या वस्तीतले. गावात भूक होती. म्हणून माणसे डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये मजुरीला जात, बोगदे खणत, रस्ते आणि धरणे बांधत. मध्ये १९११ची लिबियाची मोहीम आली, पहिले महायुद्ध आले, मग मुसोलिनीचे काळे डगले आले. शेवटी ज्या देशाची बांधकामे केली त्याच देशाचे नागरिक होणे घडले.

आज इटालियन माणूस फ्रान्समध्ये 'बाहेरचा' वाटत नाही. म्हणून हे नाव अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. परंतु ऑगस्ट १८९३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्त येथे मिठागरांवर कामाला आलेल्या इटालियन मजुरांची स्थानिक जमावाने हत्या केली. सरकारी आकड्यानुसारही किमान आठजण मारले गेले. आज ज्यांना आपण सहज 'युरोपीय' म्हणतो त्यांना एकेकाळी तेथेच लोंढा समजले गेले होते.

उगेत्तो यांनी या चित्रपटात एक साधी गोष्ट केली : स्वतःचा हात चौकटीत आणला. बाहुल्यांच्या इवल्या जगात अधूनमधून माणसाचा एक भला मोठा, सुरकुतलेला हात येतो, काहीतरी ठाकठीक करतो, आजीच्या बाहुलीकडून एखादी वस्तू घेतो, तिला काही देतो. ती त्याच्याशी बोलते. खऱ्या आजीला जे कधी विचारता आले नाही ते नातू आता विचारतो आहे. कुटुंबातले पुरुष हातांनी कमावणारे होते. दगड फोडणारे, भिंती रचणारे. नातू चित्रपटवाला झाला, पण तोही हातांनीच कमावतो, हे त्याला त्या हातातून सांगायचे आहे. वारसा म्हणून त्याच्याकडे जमीन आली नाही, भाषाही धड आली नाही. हात तेवढे आले.

साहित्यही त्याने असेच निवडले आहे. डोंगरासाठी कोळसा, झाडांच्या जागी ब्रोकोलीचे तुरे, विटांच्या जागी साखरेचे चौकोनी खडे. प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की, उपाशी माणसाच्या आठवणीतले गाव खाण्याच्या वस्तूंचेच असणार. आणि साखरेची भिंत रचणाऱ्या मजुराकडे पाहताना हेही जाणवते की, त्याने बांधलेले काहीच त्याच्या मालकीचे नव्हते. पहिल्या पावसात विरघळावे इतकाच त्याचा त्यावर हक्क होता. ही उपमा दिग्दर्शकाने शब्दांत कोठेही सांगितलेली नाही. वस्तू टेबलावर ठेवली आणि तो बाजूला झाला.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. दुःखाची बाहुली केली की दुःख गोजिरे होत नाही काय? आम्हांला ही शंका झटकून टाकता येत नाही. मातीचे लहान, मोठ्या डोळ्यांचे माणूस पाहिले की कुणाचेही मन द्रवते, आणि द्रवलेले मन पुष्कळदा तेवढ्यावरच समाधान मानते. म्हणून रिती पान्ह यांचे उदाहरण येथे दिले पाहिजे. कंबोडियात १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी प्नॉम पेन्ह रिकामी केली तेव्हा ते लहान होते. आईवडील आणि आप्त त्यांनी त्या राजवटीत गमावले. पुढे थायलंडच्या निर्वासित छावणीतून ते फ्रान्सला पोहोचले. त्या काळाची जी चित्रे कुणी टिपलीच नाहीत ती त्यांनी २०१३ सालच्या चित्रपटात मातीच्या शेकडो मूर्तींतून उभी केली. पण त्या मूर्ती हलत नाहीत. कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो, त्या स्थिर राहतात. काटेकोरपणे पाहता हे स्टॉप-मोशन नव्हे. तंत्र हाताशी असूनही ते न वापरण्याचा हा निर्णय आहे. मेलेल्यांना आपल्या सोयीने चालायला लावू नये, एवढी मर्यादा त्यांनी पाळली. बाहुली कधी हलवावी याचे उत्तर उगेत्तो यांच्याकडे आहे. कधी हलवू नये याचे पान्ह यांच्याकडे. दोघांमध्ये समान आहे ते हे की, आपण पाहतो आहोत ते कुणीतरी घडवलेले आहे याचा विसर ते आपल्याला पडू देत नाहीत. द्रवलेल्या मनाला जाग आणायला एवढे पुरते.

आपल्या भाषेला हा विचार परका नाही. दुसऱ्याच्या इच्छेने वागणाऱ्या माणसाला आपण 'कळसूत्री बाहुली' म्हणतो, आणि नाटक चालवणाऱ्याला 'सूत्रधार'. म्हणजे दोरी कुणाच्या तरी हातात आहे ही जाणीव शब्दांतच बसली आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आजवर टिकवला. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चौकटीचौकटीने चित्रण करण्याची युक्तीही आपल्याकडे पहिल्यापासून आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपून एक लहानशी फिल्म केली होती. भांडवल मिळवण्यासाठी ती त्यांना उपयोगी पडली. बी रुजताना दिसत नाही, रुजल्यावर दिसते. फाळक्यांनी ते रुजणेच दाखवले. स्थलांतराची गोष्ट सांगू पाहणाऱ्यासमोर नेमके हेच काम असते.

आणि गोष्टी तर आपल्याकडे पुष्कळ आहेत. वळकटी आणि ट्रंक घेऊन गिरणगावात उतरलेला कोकणी चाकरमानी आहे. एकोणिसाव्या शतकात करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेला मराठी मजूर आहे. आणि आपल्या शहरांत दुसऱ्या प्रांतांतून आलेला, ज्याला आपण लोंढा म्हणतो, तोही आहे. यांपैकी पहिल्या दोघांविषयी आपल्याला उमाळा येतो, तिसऱ्याविषयी येत नाही. टेबलावर तिघांचेही पाय एकाच तऱ्हेने आवळावे लागतील.

८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून निघून ते पायी आपल्या गावांकडे, मध्य प्रदेशात, चालले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जे छायाचित्र आले त्यात माणसे नव्हती. रुळांवर विखुरलेल्या पोळ्या होत्या. आपल्यापैकी पुष्कळांना ते चित्र आजही आठवते आणि त्या सोळांपैकी एकाचेही नाव आठवत नाही. ती एक चौकट आपल्यापाशी आहे. तिच्या आधीची, जालन्यापासून करमाडपर्यंतच्या वाटेवरच्या पावलांची एकही चौकट आपल्यापाशी नाही.

उद्या कुणी मराठी कलावंताने या वाटेचा चित्रपट करायला घेतला तर त्याने काय करावे हे आम्ही सांगू नये. इतकेच म्हणू की, त्या पोळ्या त्याने स्वतःच्या हातांनी घडवाव्यात आणि घडवताना तो हात चौकटीत राहू द्यावा. त्या सोळांना चालवावे की नाही, याचा निर्णय त्याला प्रत्येक पावलाशी नव्याने घ्यावा लागेल. असे काम सावकाश चालते. परंतु इतका वेळ एका माणसाच्या एका पावलाशी घालवल्यानंतर 'लोंढा' हा शब्द त्याच्या तोंडी पुन्हा सहजासहजी येईल, असे आम्हांला वाटत नाही.